एका चाकाच्या दाबाचा आकडा दिसत नाही. चारही सेन्सर बदलणे खरेच आवश्यक आहे का?

प्रश्न (मालवण)

आमच्याकडे २०१९ सालची पेट्रोल गाडी असून तिच्या चारही चाकांत कारखान्यातूनच बसवून आलेले दाबाचे सेन्सर आहेत. मीटरवर प्रत्येक चाकाचा दाब स्वतंत्र आकड्यात दिसतो. त्यामुळे एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने चाकांच्या फिरण्याचा वेग मोजून नुसता अंदाज बांधणारी ही यंत्रणा नव्हे, एवढे निश्चित आहे. गेल्या पावसाळ्यापासून मागच्या डाव्या चाकाच्या जागी आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा येऊ लागल्या आहेत. गाडी सुरू केल्यावर पिवळा दिवा सुमारे मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटलेलाच राहतो. दिवा सुरुवातीपासून स्थिर असेल तर हवा कमी आहे, आणि आधी लुकलुकून मग स्थिर होत असेल तर यंत्रणेतच बिघाड आहे, असे गाडीसोबतच्या पुस्तिकेत म्हटले आहे. आमचे लक्षण उघडच दुसऱ्या प्रकारातले आहे.

मात्र आकडा कायमचा गेलेला नाही. कसालमार्गे महामार्गाला लागून टायर चांगले तापले की तो अनेकदा परत येतो, आणि तो हातातल्या गेजशी जुळणाराच असतो. याउलट पहाटे सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढताना, धुके आणि गारवा असेल तर, तो हमखास नाहीसा होतो. शिवाय याच चाकातील हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआयने उतरते. बाकीची तीन चाके महिना महिना तशीच राहतात. पंक्चरवाल्याने टायरच्या नक्षीवर पाणी मारून पाहिले, पण खिळा किंवा चीर सापडली नाही.

व्हॉल्व्ह जवळून पाहिला असता एक गोष्ट लक्षात आली. हा व्हॉल्व्ह धातूचा असून रिममधून तो जिथे बाहेर येतो तिथल्या नटाभोवती पांढरी भुकटी जमली आहे. नखाने खरवडल्यास ती निघते आणि खाली धातूला बारीक खळगे पडलेले दिसतात. गाडी किनाऱ्यालगत उघड्यावर उभी असते, आणि खारा वारा इथे बिजागऱ्या, कड्या, कुलुपे असे काहीच सोडत नाही, हे आपणांस सांगायला नको.

एका वर्कशॉपने स्कॅनर न लावताच चारही सेन्सर बदलण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या एका टायरवाल्याने सेन्सर काढून साधा रबरी व्हॉल्व्ह बसवण्याचा आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावण्याचा उपाय सुचवला. खर्चाच्या दृष्टीने तो अजोड आहे, यात वाद नाही. परंतु बिघाड सेन्सरमध्ये आहे, व्हॉल्व्हमध्ये आहे की सेन्सरचे संदेश पकडणाऱ्या गाडीतील रिसीव्हरमध्ये, हे टायर न उतरवता कसे ओळखावे, आणि एकाच चाकासाठी चार सेन्सरचा खर्च करणे योग्य ठरेल का, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद (रत्नागिरी)

आपण दोन तक्रारी एकत्र मांडल्या आहेत. त्या वेगळ्या धरल्यास उकल सोपी होईल. हवा उतरल्यामुळे आकडा नाहीसा होत नाही. हवा कमी झाली तर सेन्सर कमी आकडा दाखवतो, गप्प बसत नाही. तसेच सेन्सर गप्प बसल्यामुळे हवाही उतरत नाही. एकाच चाकात दोन स्वतंत्र दुखणी असणे शक्य आहे, आणि आपल्या वर्णनावरून मला तसेच वाटते.

आकड्याचे दुखणे बहुधा बॅटरीचे आहे. सेन्सरमधील लहानशी लिथियम बॅटरी राळेत बंद केलेली असते आणि ती वेगळी बदलता येत नाही. तिचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षे मानतात, म्हणजे आपली गाडी त्या टप्प्यात आलेलीच आहे. क्षीण झालेली लिथियम बॅटरी गारव्यात पुरेसा व्होल्टेज देत नाही आणि टायर तापला की पुन्हा थोडी तरतरी धरते. महामार्गावर आकडा येतो आणि आंबोलीच्या घाटात जातो, याचा उलगडा त्यातूनच होतो. घाटाच्या उंचीला दोष देऊ नये. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तेवढ्या चढाने दाबाच्या मोजमापात जेमतेम एका पीएसआयचा फरक पडतो. त्याने आकडा पुसला जात नाही.

टायर न उतरवता खात्री करण्यासाठी ट्रिगर टूल नावाचे हातात मावणारे यंत्र मिळते आणि टायरची कामे करणाऱ्या मोठ्या दुकानांत ते असते. ते व्हॉल्व्हजवळ धरले की १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने झोपलेला सेन्सर जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बहुतेक सेन्सरमध्ये बॅटरीची स्थितीही कळवतो. चारही चाकांवर ते लावून पाहावे. तिघांनी लगेच उत्तर दिले आणि एकाने दिले नाही किंवा अडखळत दिले, तर रिसीव्हर निर्दोष समजावा. चाकांची अदलाबदल करून पाहा, असेही कोणी सांगेल, पण त्यावर फार विसंबू नये. अनेक गाड्या सेन्सरला त्याच्या क्रमांकावरून ओळखतात, चाक कुठे बसवले आहे त्यावरून नव्हे. त्यामुळे चाक पुढे नेले तरी रेघा मागच्या डाव्या जागीच दिसत राहतात आणि माणूस उगाच वायरिंग उसकटत बसतो.

डॅशकॅम किंवा स्वस्त मोबाइल चार्जर लावलेला असल्यास तो काढूनही एकदा गाडी चालवून पाहावी. अशा वस्तूंच्या विद्युत गोंगाटात सेन्सरचा क्षीण संदेश हरवल्याची उदाहरणे आहेत.

प्रतिसाद (हर्णे, दापोली)

व्हॉल्व्हविषयी थोडे सांगतो, कारण आमच्याकडे हा रोजचा विषय आहे. आपला व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असणार. त्यात कोणी साधी पितळी पिन (व्हॉल्व्हच्या आतला, हवा अडवणारा लहान भाग) घातली असेल, तर खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांशी लढतात आणि दर वेळी ॲल्युमिनियमच हरते. म्हणूनच अशा व्हॉल्व्हसाठी निकेलचा मुलामा दिलेली पिन वापरायची असते. वाटेत कुठे हवा भरताना किंवा पंक्चर काढताना पिन बदलली जाते आणि पिवळी पिन आत जाते, तेव्हा तिचा रंग अवश्य पाहावा. टोपीही धातूची नको. आत रबरी रिंग असलेली प्लास्टिकची टोपी बरी. टोपी जाम झाली असेल तर पक्कड लावून पिळू नये, कारण खंगलेला व्हॉल्व्ह टोपीसकट तुटून हातात येतो आणि चाक जागच्या जागी बसते.

साबणाचे पाणी नटाच्या मुळाशी, पिनेच्या तोंडाशी आणि रिमच्या कडेने सर्वत्र लावावे. रिमच्या कडेला बुडबुडे आले तर दोष व्हॉल्व्हचा नसून टायर जिथे रिमला टेकतो तिथल्या गंजाचा आहे. तिथे रिम घासून स्वच्छ करावी लागते. नटाशी आले तर आतली रबरी सील गेली आहे. सील, नट आणि पिन यांचा संच वेगळा मिळतो आणि पुष्कळ सेन्सरमध्ये व्हॉल्व्हची दांडीही स्क्रू काढून बदलता येते. नट टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावा, अंदाजाने नव्हे. टायर उतरवणाऱ्याला सेन्सर आहे हे आधी सांगावे, म्हणजे तो यंत्राचा फाळ व्हॉल्व्हपासून दूर लावेल. चाकात पंक्चरचे जेल भरले असल्यास तेही सांगावे, कारण ते सेन्सरच्या छिद्रात जाऊन बसते.

प्रश्नकर्ता (मालवण)

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. कुडाळला ट्रिगर टूल लावून पाहिले. तीन सेन्सरनी तत्काळ उत्तर दिले. मागच्या डाव्याने बराच वेळ टूल धरल्यावर दिले आणि बॅटरी क्षीण असल्याचे दाखवले. साबणाच्या पाण्याने नटाच्या मुळाशी बारीक बुडबुड्यांची माळ दिसली, रिमच्या कडेला काही नाही. जेल कधी भरलेले नाही. आता मुख्य प्रश्न उरतो तो एक की चार, हाच. टायर गाडीसोबत आलेलेच आहेत.

प्रतिसाद (रत्नागिरी)

टायर मूळचे आहेत, ही माहिती निर्णायक आहे. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तिथे १९ असेल आणि टायरच्या बाजूंना बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी शिल्लक असली तरी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर बदलण्याची वेळ आलेली आहे. तसे असेल तर चारही सेन्सर टायरसोबतच बदलावेत, कारण टायर उतरवणे, चढवणे आणि बॅलन्सिंग यांचा खर्च एकदाच होईल. उरलेले तीन सेन्सरही त्याच वयाचे आहेत. वर्कशॉपचा सल्ला ऐकायला चुकीचा नव्हता. तो तपासणीशिवाय दिला, एवढाच माझा आक्षेप. टायर अजून दोन वर्षे चालण्यासारखे असतील, तर मात्र आत्ता एकच सेन्सर नव्या सीलसकट बदलावा आणि बाकीच्यांना हात लावू नये.

नवीन सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झचाच आहे, हे पाकिटावर पाहून घ्यावे. अमेरिकी बाजारासाठीचे ३१५ मेगाहर्ट्झचे सेन्सरही ऑनलाइन विकले जातात आणि ते आपल्या गाडीशी बोलणार नाहीत. प्रोग्रॅम करता येणारा सेन्सर घेतल्यास जुन्याचा क्रमांक त्यात उतरवता येतो, म्हणजे गाडीला नव्याने ओळख करून देण्याचे काम वाचते. त्यासाठी जुन्याचा क्रमांक हवा. जुना सेन्सर अधूनमधून का होईना उत्तर देतो आहे, तोवर कुडाळच्या त्या दुकानात पुन्हा टूल लावून क्रमांक लिहून घ्यावा. सेन्सर पूर्ण बंद पडला, तर क्रमांक टायर उतरवून सेन्सरच्या अंगावर वाचावा लागेल किंवा स्कॅनरने गाडीतून काढावा लागेल.