शाळेजवळ टॉवर नको म्हणता, मग कानाला लावलेल्या फोनचं काय?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)
आमच्या ग्रामसभेनं शाळेमागच्या टॉवरला नाही म्हटलं. कारण काय, तर किरणं. टॉवरच्या बाजूनं हात वर करणारा मी एकटाच होतो. आमच्या वावरात नेटवर्कची एकच काडी येते, तीही धुऱ्यावरच्या बाभळीखाली. वेचणीच्या दिवसांत बाबा तिथं उभे राहून व्यापाऱ्याशी अर्धा-अर्धा तास बोलतात, फोन कानाला दाबून. टॉवर दूर, की फोन जास्त जोर लावतो, आणि तो जोर डोक्याला चिकटून लागतो. टॉवर जवळ आला तर हाच फोन कमी ताकदीवर चालेल. 2012 मध्ये आपल्याकडं टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. मग भीती कशाची?

शाळकरी लेकरांची आई
भाऊ, बाबा अर्धा तास बोलतात, लेकरं तिथं दिवसभर बसतात. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरी 'कर्करोग होण्याची शक्यता' असलेल्या 2 बी गटात टाकल्या, त्या काहून? आणि मर्यादा पाळतात हे पाहायला मीटर घेऊन आमच्या गावात कोण आलं आजवर?

मोबाइल दुरुस्तीवाला
ताई, तो गट ठरला तो मुख्यतः फोन कानाला लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून, आणि तो पुरावाही मर्यादितच होता. टॉवरसारख्या दुरून येणाऱ्या लहरींबद्दल त्यांनी पुरावा अपुरा म्हटला.
पऱ्हाटीवाले, तुम्हीही बाबांना घाबरवू नका. गिऱ्हाईक आलं की मी *#07# दाबायला लावतो, फोनचा सार (SAR) आकडा दिसतो, म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीर शोषून घेते ते. मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो, तीही एक ग्रॅम ऊतीवर मोजलेली. आधी आपल्याकडं 10 ग्रॅमवर 2 होती, 2012 च्या सप्टेंबरपासून कडक झाली. चाचणीत फोन पूर्ण ताकदीवरच चालवतात. म्हणजे एका काडीवरही तो त्या आकड्याच्या वर जात नाही. कान तापतो तो जास्त करून बॅटरी आणि फोनच्या आतले भाग तापल्यानं.

शाळकरी लेकरांची आई
चाचणीत फोन ज्याला लावून मोजतात ते द्रव भरलेलं नकली डोकं मोठ्या माणसाच्या मापाचं असते. माझी पोरगी सात वर्षांची आहे. मोजणी करा, आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा, मी सही करते.

पऱ्हाटीवाला
हे पटलं बाप्पा. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून टॉवरची मोजणी मागवता येते. पुढच्या ग्रामसभेत हीच अट ठेवतो: टॉवर सुरू झाला की आधी मोजणी, आणि त्या पैशातला माझा वाटा मी देतो. बाबांना काल वायरचा इअरफोन आणून दिला. फोन आता सदऱ्याच्या खिशात नाही, बाभळीच्या फांदीला अडकवलेल्या पिशवीत असतो.