अनुभव धागा : नाशिकरोड स्टेशन आणि मधली ती वाट

गोदाकाठ :
गेल्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक आवरताना आजोबांच्या पाकिटात पुठ्ठ्याचे एक रेल्वे तिकीट सापडले. कडेला चिमट्याची खाच आहे आणि मागे पेन्सिलीने 'टांगा ८ आणे, घासाघीस करून' असे लिहिले आहे. तिकीट फाटकावर जमा करण्याचा नियम असताना हे घरी कसे आले, ते आजोबाच जाणोत. १८६५ साली थळ घाट खुला झाला आणि मुंबईशी सलग रूळ जोडले गेले, परंतु तो मार्ग देवळालीवरून परस्पर पुढे गेल्यामुळे गोदाकाठचे गाव आठ-नऊ किलोमीटर बाजूलाच राहिले. गावापासून दूर असलेल्या स्थानकाला 'रोड' जोडण्याची रेल्वेची पद्धत असल्याने आपल्यालाही तेच नाव मिळाले. या मधल्या वाटेच्या आठवणी आपल्या घरांतही असतील, त्या लिहाव्यात. त्रोटक असल्या तरी चालतील.

मेनरोडकर :
टांग्याच्या आधी ट्राम आठवायला हवी. १८८९ साली मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून स्टेशनापर्यंत अडीच फुटी रुळांवर ती सुरू झाली. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे होते, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली. माझी पणजी माहेरी जाताना ट्राममध्ये बसायला घाबरत असे, कारण अंधार पडला की दोन्ही बाजूंच्या झाडीत काही दिसत नसे, असे आजी सांगायची.

बार्शीची_लेक :
मेनरोडकर काका, कॅलथ्रॉप आधी तुमच्याकडे होते हे मला ठाऊक नव्हते. आमच्या बार्शी लाइटचेही रूळ अडीच फुटीच होते. कुकर लावून आले आहे, शिट्टी झाली की परत येते.

पासवाला :
मी सतरा वर्षे पंचवटी एक्सप्रेसचा पासधारक होतो. १९७५ साली सुरू झालेली ही गाडी मनमाडहून निघते आणि नाशिकरोडला सकाळी येते. गाडीपेक्षा स्टेशन गाठणेच अवघड, हे गावातल्या कोणत्याही पासधारकाला विचारावे. पंचवटीत राहणाऱ्या माणसाने पंचवटी एक्सप्रेस पकडण्यासाठी पहाटे साडेपाचला घर सोडावे, यातली गंमत आमच्या सौभाग्यवतींना कधीच वाटली नाही. एकदा नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रिक्षा बंद पडली आणि मी डबा हातात धरून फलाटावर पोहोचलो, तेव्हा शेवटच्या डब्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मग तिथेच कठड्यावर बसून मी पोळी-भाजी खाल्ली आणि घरी परतलो.

गोदाकाठ :
पासवाले काका, भाजी कोणती होती तेही सांगा!

पासवाला :
गवार. म्हणून तर गाडी चुकल्याचे दुःख अधिक झाले.

प्रेसची_मुलगी :
आम्ही रोडचे, त्यामुळे आमचा प्रवास उलटा. बाजारहाटाला निघालो की 'नाशकात जाऊन येतो' असे म्हणत असू, कारण १९८२ साली महापालिका होईपर्यंत नाशिकरोड-देवळालीची नगरपालिका वेगळी होती. वडील प्रेसमध्ये होते. भारताची टपाल तिकिटे पूर्वी इंग्लंडमध्ये छापली जात. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. लहानपणी एका बंद वॅगनपाशी बंदूकधारी शिपाई उभा दिसला, तेव्हा मी बोट दाखवून ओरडले, 'बाबा, यात पैसे आहेत का?' वडिलांनी उत्तर न देता मला उचलले आणि थेट मुक्तिधामच्या बाजूला चालू लागले. घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि निवृत्तीनंतरही या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मला दिले नाही.

सिन्नरफाटा :
इगतपुरीला इंजिन बदलत असताना खाली उतरून पाणी भरणारे माझे मामा दोनदा मागे राहिले. कसाऱ्याहून गाडी घाट चढताना मागून ढकलणारी इंजिने पाहण्यासाठी मात्र आम्ही मुले मुद्दाम शेवटच्या डब्यात बसायचो.

मेनरोडकर :
ट्राम गेली, टांगे गेले, आणि २०२१च्या अर्थसंकल्पात नाशिक मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी चाकांचे ते डबे खांबांवरून धावणार होते. मी अजूनही द्वारकेच्या चौकात रिक्षात बसून त्या खांबांची वाट पाहतो आहे, आणि २०२७चा कुंभ तोंडावर आला आहे.

बार्शीची_लेक :
शिट्ट्या झाल्या. गोदाकाठ ताई, आठ आणे ही रक्कम घासाघिशीनंतरची असेल, तर टांगेवाल्याने आधी किती मागितले होते?

गोदाकाठ :
आईला आत्ताच विचारले. ती म्हणते, आजोबांनी नासर्डीच्या पुलावर टांगा थांबवून उतरण्याची धमकी दिली होती, एवढेच तिला आठवते.