उत्तर: पिसा म्हणजे नुसती रँकिंगची शर्यत का?

एकानं म्हटलंय की पिसा (ओईसीडी ही देशांची संघटना १५ वर्षांच्या मुलांची घेते ती आंतरराष्ट्रीय चाचणी) ही नुसती देशादेशांची रँकिंगची शर्यत, वर्गात तिचा काय उपयोग. अर्धं पटतं मला, २००९ च्या फेरीत आपली तामिळनाडू आणि हिमाचल ही दोन राज्यं बसली, तळाशी गेली, मग आरडाओरडा झाला आन् विषय संपला. पण राजेहो, पिसाचे जुने प्रश्न ओईसीडीने खुले ठेवलेत, खरा माल तिथं आहे.

त्यातला एक सफरचंदाच्या बागेचा, चौकोनात झाडं आन् वारा अडवायला भोवती सूचिपर्णी झाडं. मी नागपुरात नववीला शिकवतो, तर सफरचंद काढून काटोलची संत्री टाकली आन् भोवती सुरूची झाडं. n ओळी असल्या तर संत्री n वर्ग, सुरू 8n. दोन्ही सारखे कधी? पोरांनी फटकन 8 काढलं, समीकरणच ते. मग विचारलं, बाग वाढवत नेली तर कोणती झाडं जास्त वेगानं वाढतील आन् का? वर्ग चिडीचूप. एक पोरगी, जिला चाचणीत कधी दहाच्या वर मिळत नाहीत, ती उठून म्हणाली, "सर, सुरू फक्त कडेनं वाढतात, संत्री आतून सगळीकडे."

पिसात त्या प्रश्नाला अर्धवट कारणालाही काही गुण असतात, आपल्याकडं उत्तर चुकलं की भोपळा (स्टेप मार्किंग कागदावर आहे म्हणा). तेव्हापासून प्रत्येक धड्याला असा एक "का" वाला प्रश्न लावतो, सिलॅबस मागं पडतो थोडा, पडू दे.