मदत हवी आहे : मुलांना घरबसल्या स्वीडन दाखवायचाय

नमस्कार मंडळी. माझा भाऊ नोकरीसाठी स्वीडनला गेलाय. तेव्हापासून माझ्या मुलांनी (वय ६ आणि ९) प्रश्नांनी भंडावून सोडलंय. मामा काय खातो, तिकडे दुपारीच अंधार का पडतो?

म्हणून रोज रात्री पिप्पी नावाच्या अचाट ताकदीच्या स्वीडिश मुलीच्या गोष्टी सांगते. लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांचं पिप्पीचं पुस्तक १९४५ चं, तरी घोडा उचलणारी ही पोर आजही मुलांना आपलीशी वाटते. मी इंग्रजीतून वाचते आणि मराठीत सांगते. मराठी अनुवाद कुठे मिळेल का? लहान्यासाठी भरपूर चित्रं असलेलं, तिकडच्या जंगलाचं, बर्फाचं एखादं पुस्तकही सुचवा.

रविवारी आम्ही 'कानेलबुल्ले' म्हणजे दालचिनीचे गोड पाव केले. त्यांच्या कणकेत वेलची असते! लेकीने खलबत्त्यात कुटली आणि म्हणाली, "आई, हा तर शिऱ्याचा वास!" दूरचा देश एकदम जवळचा झाला तिला. पण पाव दुसऱ्या दिवशी दगडासारखे झाले. पीठ पहिल्यांदा छान फुगलं होतं, वळून ठेवल्यावर मात्र फुगलंच नाही. थंडीमुळे असेल का? वर पेरायला जाड साखर लागते, तिथे खडीसाखर कुटून चालेल?

१३ डिसेंबरला तिकडे लुसियाचा सण असतो. तेव्हा केशर घातलेले, इंग्रजी 'एस'सारखे वळलेले, बेदाणे लावलेले पाव करतात. तेही करायचेत. त्यांना वरून अंडं लावतात, पण आमच्याकडे ते चालत नाही, तर त्याऐवजी काय लावू? कुणी केले असतील तर प्रमाणासकट सांगा, प्लीज.