सोल्यूशन 'ऑन', 'टू', 'फॉर' की 'ऑफ'?

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये मी 'सोल्यूशन ऑन वॉटर प्रॉब्लेम' असं लिहिलं. साहेबांनी 'ऑन' खोडून 'टू' केलं. शेजारच्या टेबलावरचे म्हणतात 'फॉर'. मुलीच्या गणिताच्या पुस्तकात बघितलं तर तिथे 'ऑफ'! नक्की काय लिहायचं?

उत्तर: तुमचा 'ऑन' सोडला तर बाकीची तिन्ही चालतात, पण आपापल्या जागी. हा 'ऑन' आपल्या मराठीतून आलाय. आपण पाणीटंचाईवर उपाय शोधतो, संपावर तोडगा काढतो, खोकल्यावर औषध घेतो. तो 'वर' इंग्रजीतही गुपचूप येऊन बसतो. मीही औषधाच्या दुकानात कित्येक वर्षं 'मेडिसिन ऑन कफ' मागत होतो. मिळायचं, म्हणून चूक कळली नाही.

अडचण, प्रश्न, कोडं असेल तर 'टू' लावा. साहेब बरोबर आहेत. 'फॉर' खरा शोभतो तो ज्याच्या सोयीसाठी उपाय केलाय त्याच्याआधी: 'अ सोल्यूशन फॉर स्मॉल शॉप्स', म्हणजे छोट्या दुकानांसाठी. 'प्रॉब्लेम'आधी 'फॉर' लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी लिहिणार नाही, एवढंच.

आता मुलीचं पुस्तक. क्ष + ३ = ७ या समीकरणाची उकल ४. इथे 'सोल्यूशन ऑफ द इक्वेशन' बरोबर, 'टू'ही बरोबर. पण तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकात 'सोल्यूशन ऑफ सॉल्ट इन वॉटर' असेल, तिथे 'टू' लावाल तर मिठाची समस्या सोडवल्यासारखं होईल! मराठीत उपाय, उकल, द्रावण असे तीन शब्द आहेत म्हणून आपला गोंधळ होत नाही. इंग्रजीत एकाच शब्दावर भागवायचं, मग फरक दाखवायचं काम त्या चिमुकल्या शब्दावर येतं.

प्रश्न: मग 'आन्सर ऑफ द क्वेश्चन' पण चूक?

उत्तर: हो, 'आन्सर टू'. आपण 'प्रश्नाचं उत्तर' म्हणतो म्हणून 'ऑफ' सुचतो. पण पत्राला मात्र आपण उत्तर देतो, पत्राचं नाही. तो 'ला' आठवायचा. कुलपाच्या किल्लीला असा आधार नाही, 'की टू द लॉक' सरळ पाठच करा.

आणखी एक: 'सोल्यूशन'च्या मुळाशी लॅटिन 'सोल्वेरे' आहे, म्हणजे सैल करणं, सोडवणं. आपणही गाठ सोडवतो आणि गणितही सोडवतो. मीठ मात्र आपल्याकडे विरघळतंच.