बिनड्रायव्हरच्या गाडीत बसलात का कधी? अनुभव सांगा

रानमेवा: भाचीने दुबईहून व्हिडिओ पाठवला. मेट्रोच्या पुढच्या काचेला नाक चिकटवून तिचं कार्टं उभं. एकदम आई आठवली. २०१० मध्ये तिला तिकडे नेलं होतं, तेव्हा मेट्रो नवीकोरी. आमचे बाबा एसटीत ड्रायव्हर, त्यांची रातराणी असली की आई जागीच. तिने विचारलं, "चालवतंय कोण?" म्हटलं, कुणीच नाही. "बरंय, म्हणजे कुणाच्या घरी कुणी जागं नसेल," म्हणाली आणि खुशाल टेकून बसली. घाम मला फुटलेला! तुमचं काय?

दिल्लीवाला: आमची मजेंटा लाईन २८ डिसेंबर २०२० ला ड्रायव्हरलेस झाली. कुणाला पत्ता नाही. सगळे मास्क सांभाळण्यात आणि एक सीट सोडून बसण्यात गुंग. शिवाय सुरुवातीला गाडीत मेट्रोचा माणूस असायचाच.

कोथरूडची: आई भारी! रुळावर ठीक आहे हो, पण सिंहगड रोडला अशी बस आली तर? राँग साइडने येणारी ॲक्टिवा तिला कळणार का?

भुईचक्र: @कोथरूडची कळेल ना. म्हणूनच हलणार नाही. आषाढीपर्यंत तिथेच उभी.

कोथरूडची: 😂😂

सॅनफ्रान्सिस्कोहून: इथे वेमोत बसते अधूनमधून. टॅक्सी आहे, बस नव्हे, पण स्टिअरिंग आपोआप फिरताना पोटात खड्डा पडतोच. मग सवय होते. सगळ्यांना आवडत नाहीत हां, फेब्रुवारी २०२४ मध्ये चायनाटाउनात जमावाने एक जाळली. रिकामी होती, नशीब.

ठाणेकर वहिनी: दीर मोटरमन आहेत, म्हणून लिहितेय. मेट्रोला कुंपण, फलाटाला दारं. लोकलच्या रुळावर माणसं, कुत्री, काय नसतं! भोंगा वाजवून वाजवून यांचा जीव जातो. आधी ते बंद करा, मग बोलू. कुकर झालाय, येते.

निवांत: पॅरिसला संपाच्या दिवशी १, ४ आणि १४ नंबरची मेट्रो तेवढी चालू असते, तिन्ही बिनड्रायव्हरच्या. संपवाल्यांना सहानुभूती असूनही मी त्यातूनच ऑफिसला जातो, काय करणार.

भुईचक्र: म्हणजे वहिनींच्या दिरांनी काळजी करावी की नाही?

लंडनची मावशी: आमची डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे, १९८७ पासून अशीच धावते. दारं बघायला माणूस असतो. कधीकधी तो पुढचं झाकण उघडून स्वतः चालवायला बसतो, तेव्हा पुढच्या सीटवरच्या पोरांना उठवतात. आमच्याकडे तेव्हा भोकाड ठरलेलं.

चिंचेचं बोटूक: पुढच्या महिन्यात दुबईला चाललेय. ती पुढची काच साध्या तिकिटात मिळते का गं?

रानमेवा: एका टोकाला गोल्ड क्लास असतो, तिकीट दुप्पट. चुकून शिरू नकोस, दंड आहे. आणि डब्यात चकलीचा पुडा उघडू नकोस, त्यालाही १०० दिरहम.

चिंचेचं बोटूक: मग भाकरवडी चालेल? 😜