गॅरेजचा कोबा: खालून ओल येते, तरी एपॉक्सी लावावं का?

नमस्कार. गोव्यात डिचोलीला आमचं चिऱ्याचं घर आहे. मागचा डोंगर कापून जागा सपाट केलेली, त्यामुळे गॅरेजची मागची भिंत निम्म्याहून वर मातीला टेकलेली. गॅरेज १८ बाय १२ फूट. खाली चिऱ्याच्या कपच्या, वर वीसेक वर्षांपूर्वीचा सिमेंटचा कोबा. मध्ये ओल अडवणारा प्लॅस्टिकचा कागद घातलेला नाही.

नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. पुढच्या दाराला सात पायऱ्या आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा काठी घेऊन गॅरेजमधूनच ये-जा करतात. पावसात चाकांबरोबर लाल चिखल आत येतो आणि त्यावरून त्यांना चालताना पाहिलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्यात मे महिन्यात अवचित सर आली की आई अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उचलून याच जमिनीवर चादर घालून पसरते, आणि कोब्याची भुकटी त्यांना लागते. म्हणजे जमीन न घसरणारी हवी, धुता येणारी हवी आणि धूळ न सुटणारी हवी.

दोनदा पैसे वाया गेले. आधी ऑइल पेंट लावला, त्याचे पहिल्याच पावसात पोपडे निघाले. मग दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात एका ठेकेदाराकडून एपॉक्सी (दोन द्रव्यं कालवून लावायचा, वाळल्यावर कडक होणारा थर) करून घेतलं. त्याने अॅसिड ओतून जमीन धुतली आणि दुसऱ्या दिवशी रोलर फिरवला. ऑगस्टमध्ये मागच्या भिंतीलगत चारेक फुटांच्या पट्ट्यात फोड आले. फोडले तर आत पाणी! चाकं उभी राहतात तिथे टायरच्या रुंदीचे तुकडे निघाले. शटरजवळ ऊन पडतं तिथे रंग पिवळा झाला. मधला भाग मात्र आजही इतका घट्ट आहे की पटाशीनेही निघत नाही.

गेल्या आठवड्यात जुना थर खरवडून तीन ठिकाणी दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवलं आणि एक दिवस ठेवलं. शटरजवळ कोरडं, मध्ये कोरडं. मागच्या भिंतीजवळ प्लॅस्टिकच्या आत थेंब आणि कोबा काळपट. डिसेंबरात ही गत, तर जुलैत काय होत असेल?

आता पुन्हा एपॉक्सी करावं, सिलिकेटचं हार्डनर मारून कोबा उघडाच ठेवावा, की पार्किंगच्या टाइल्स बसवाव्यात? ज्यांनी आपल्याकडच्या पावसात स्वतः अनुभव घेतलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी कुंडईच्या एका कारखान्यात देखभालीचं काम बघतो. मागच्या पट्ट्यावर एपॉक्सी लावू नका, कितीही भारी असलं तरी. खालची वाफ त्याला उचलणारच. तिथे सिलिकेट बरं. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी मिळून वरचा भाग कठीण करतं, धूळ थांबते, आणि त्याचा पापुद्रा नसल्याने ओल वर उडून जाऊ शकते. तेलाचे डाग मात्र त्याने अडत नाहीत.

उरलेल्या भागात एपॉक्सी चालेल, पण अॅसिड नको. डायमंड ग्राइंडर लावून जमीन सँडपेपरसारखी खरखरीत करा आणि धूळ व्हॅक्यूमने ओढा. मग पाण्याचे चार थेंब टाकून बघा. ते मुरले तर ठीक, मण्यासारखे राहिले तर अजून तेल किंवा जुना रंग आहे. टायरचं तेच झालंय. गरम टायर थंड होताना आकसतो, रबरातलं तेलकट द्रव्य रंगाला मऊ करतं आणि पकड कच्ची असली की रंग टायरबरोबर येतो.

मे अखेरची हवा या कामाला वाईट. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) निदान ३ अंश वर हवं, नाहीतर ओल्या थरावर चिकट साय धरते आणि वरचा थर बसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारच्या आत करा. मिश्रण थोडं थोडं कालवा आणि लगेच जमिनीवर ओता. डब्यात ठेवलंत तर तिथेच तापून घट्ट होईल. पाव मिलिमीटर थराला १० चौरस मीटरला अडीच लिटर पक्का माल लागतो, पाणी मिसळलेला नव्हे. थर ओला असतानाच क्वार्ट्झची बारीक रेती पेरा, बाबांसाठी हे सोडू नका. वर उन्हात न पिवळणारा पॉलियुरेथेनचा हात द्या. गाडी आठवडाभर बाहेर.

प्रतिसाद २

आमचंही पेडण्याला असंच डोंगराला लागून आहे. आधी पाणी वळवा, दादा. आम्ही भिंतीमागे चर खणून तळाला छिद्रांचा पाइप आणि वर खडी भरली, पाण्याला ढाळ देऊन ते बाहेर काढलं. पुढच्या पावसात भिंतीचा लोणा, म्हणजे ओलीने फुटणारा पांढरा क्षार, बराच कमी झाला. जमिनीला मॅट पार्किंग टाइल्स आहेत. त्यांना फोड येत नाहीत, पण खोल खाचांच्या घेऊ नका. माझ्या सासूबाईंच्या काठीचं रबर त्यात अडकायचं. शिवाय मसाल्यासकट जमीन दीड-दोन इंच वर येते, शटरचं आधी बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जमीन वर आली तर बाबांना घराच्या दारात नवा उंचवटा ओलांडावा लागेल, म्हणून टाइल्स नकोत. चराचं काम जानेवारीतच काढतो. मागचे पाच फूट सिलिकेट, पुढे रेती पेरलेलं एपॉक्सी.

एकच अडलंय. ही दोन्ही जिथे भेटतील तिथे कडेतून ओल शिरून थर उचलला जाईल का? कटरने खाच मारून एपॉक्सी त्या खाचेत उतरवावं आणि वर सीलंट भरून सपाट करावं, असं मनात आहे. बाबा रोज ती रेघ ओलांडणार. काठी अडकू नये म्हणून खाच किती रुंद ठेवू? फेब्रुवारीत ते महिनाभर बहिणीकडे म्हापशाला जाणार आहेत, काम तेव्हाच उरकायचं आहे.